उशिराचा बार

तोफेचा बार झाला. चार होड्यांनी नांगर उपसले, शिडं फुगली. बाळकुमच्या महिपतची होडी मात्र जागची हलेना. १८८४ सालच्या नारळी पौर्णिमेला कल्याणच्या बंदरावर होड्यांच्या शर्यतीसाठी लोटलेली गर्दी आधी हसली, मग ओरडायला लागली. महिपत शिव्यांची लाखोली वाहत होता.

"गुणाजीनंच काय तरी केलंय! तळाला दोर बांधलाय माज्या!"

दिवा गावचा गुणाजी पहिला आला होता. आरोप खरा ठरला तर त्याची होडी शर्यतीत पुन्हा कधीच उतरणार नाही, असं पंचांनी बजावलं. गुणाजी रडकुंडीला आला. पंचांनी त्र्यंबकरावांना बोलावलं. पोलिसातली नोकरी सोडून ते खाजगी तपास करत. सोबत मेहुणा गोविंदा होताच, आणि त्याचं मत झटपट तयार होतं.

"दाजी, जिंकला तोच चोर. आणखी काय शोधायचं?"

पाणी ओसरून महिपतची होडी आता कलंडली होती. तळाला दोर नव्हता, दगड नव्हता. नुसता चिखल होता.

"नांगर जड लागला?" त्र्यंबकरावांनी महिपतला विचारलं.

"नाय. झटकन वर आला."

"काठाकडची जागा कुणी दिली?"

"सकाली सगल्यांसमोर कवड्या टाकल्या, त्यात आली. माजी होडी सगल्यांत जड, म्हनून मी कुरकुरलो बी."

"मग बाजूला का सरकला नाहीस?"

"बार व्हायच्या आधी नांगर उचलला की बाद. नेमच हाय."

गुणाजीनं हात जोडले. "साहेब, मी नांगरावरून हललो नाय. दर सालाला भरती पुरी चढली की बार होतो. औंदा पंढरीकाकाची तोफेची दारू भिजली, वाट बघून डोले फुटले आमचे."

पंढरी बंदराच्या पायरीवर आपल्या तोफेपाशी बसला होता. शर्यतीचा बार वर्षानुवर्षं तोच उडवी. गेल्या साली याच शर्यतीत त्याचा मुलगा नाथा बुडाला होता, म्हणून गोविंदाला त्याच्याकडे बघवेना.

"सकालपासून आभाल दाटलंय. तोफेतली दारू ओली झाली, ती काढून तिथं कोपऱ्यात टाकली. दुसरी भरली," पंढरी म्हणाला.

त्र्यंबकरावांनी पंचांना, महिपतला आणि त्याच्या खलाशांना तिथंच बोलावलं. गोविंदाच्या चिलमीतला निखारा उचलून त्यांनी कोपऱ्यातल्या काळ्या ढिगावर टाकला. भस्सकन जाळ उठला. गोविंदा बोंब मारून मागं सरला.

"दिवसभर ऊन नाही, मग ओली दारू वाळली कशी?" त्र्यंबकराव म्हणाले. "ती भिजलीच नव्हती. पंढरीबुवा, तुम्ही भरती ओसरायची वाट बघितलीत. काठाची जागा, जड होडी, आणि नेमामुळं तिला हलता येईना. होडी चिखलात रुतली तेव्हाच तुम्ही बार काढलात. गुणाजीचा यात काही संबंध नाही."

पंढरीनं मान खाली घातली नाही, महिपतकडे बोट केलं.

"व्हय, मीच केलं. मना पस्तावा नाय. यानी माज्या नाथाची होडी ठोकरली. पोर पान्यातून हाका मारत व्हता. यानी आयकलं, पन सुकाणू वलवलं नाय."

"थांबलो असतो तर शर्यत गेली असती!" महिपत ओरडला.

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. त्याचे खलाशी त्याच्याकडे बघत राहिले. हाक कुणाची आलीच नाही, वाऱ्याचा आवाज होता, असं तो त्यांना वर्षभर सांगत आला होता.

पंचांनी पंढरीकडून तोफ काढून घेतली. गुणाजी सुटला. दुसऱ्या दिवशी शर्यत नव्यानं ठरली.

या वेळी भरती अगदी पुरी होती आणि महिपतला खोल पाण्यातली जागा मिळाली होती. वाराही मनाजोगता होता. पण बाळकुमचा एकही गडी त्याच्या होडीत चढला नाही. तो एकेकाला नाव घेऊन हाका मारत होता. काठावर सगळे होते, मान कुणी वळवली नाही.

बार वेळेवर झाला. गोविंदाला महिपतची कीव यायला हवी होती, पण आली नाही.