पिवळ्या विटांची कड

विटा सगळ्यांच्या सारख्याच होत्या आणि रचल्याही सारख्याच. मग भिंत पडायला सुरुवात माझ्याच बाजूने का झाली?

सांगलीच्या ठोकळेघरात (ठोकळ्यांनी बांधकाम शिकवणारं केंद्र) उन्हाळी शिबिर होतं. आम्ही सहा जण खेळण्यातल्या विटांची एक भिंत बांधत होतो. ती थरथरपाटावर (भूकंपासारखा हलणारा पाट) टिकली, तर तशीच भिंत चंद्रावरच्या वसाहतीत बांधणार होते आणि तिच्यावर आमची नावं कोरणार होते. मला माझं नाव तिथे फार फार हवं होतं.

पालकांना आपल्या मुलाचं काम ओळखू आलं पाहिजे, म्हणून शिबिराचा नियम होता : ज्याचा त्याचा रंग वेगळा. सहा जणांनी सहा रंगांचे खांब रचले आणि एकमेकांना चिकटून उभे केले. फोटो झकास आले. मी एक दिवस उशिरा आलेली, म्हणून माझा पिवळा खांब अगदी कडेला. पाट हलला, पिवळा खांब बाहेरच्या बाजूला कलंडला आणि त्याच्यामागून बाकीचे.

"हिनेच घोळ घातला," हर्षवर्धन म्हणाला. दुपारी आणखी एक संधी मिळणार होती. "मुक्ता आमच्यात नको."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. नूपुरनेसुद्धा, जी रोज माझ्या डब्यातलं खायची. शिबिराच्या अनघाताई म्हणाल्या, "मुलांचा निर्णय आहे, आपण मान ठेवू या." मोठ्यांना कटकट नको असली की मुलांचे निर्णय त्यांना फार आवडतात.

मी कोपऱ्यात जाऊन बसले. तिथे सोपान, म्हणजे ठोकळेघराचा यंत्रमानव, पडलेल्या विटा गोळा करत होता.

"सोपान, माझं काय चुकलं?"

"काही नाही. खांब सरळ होता." त्याने दोन खांब शेजारी रचले. "मधल्या फटीत नख घाल."

माझं नख वरपासून खालपर्यंत न अडखळता गेलं.

"हा सांधा (दोन विटा जिथे भेटतात ती फट). तो असा सरळ खाली गेला की ती भिंत नसते, नुसते शेजारी असतात. पाट हलला की प्रत्येक खांब आपापला हलतो. आतल्याला दोन्हीकडून टेकू मिळतो, कडेच्याला एकाच बाजूने. म्हणून तो आधी जातो. तिथे कुणाचाही खांब असता तरी पडला असता."

मग त्याने एक वीट दोन्ही खांबांवर अर्धी अर्धी बसवली. "हिचा भार (वरून पडणारं वजन) आता दोघांवर वाटला गेला. खालची फटही वर जाऊ शकत नाही, हिच्याशी अडते. प्रत्येक थरात असंच करायचं."

मी एक खांब ढकलला. दोन्ही एकदम हलले, पण सुटले नाहीत.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"ताईंना सांगितलं होतं. रंग मिसळतील म्हणून नको म्हणाल्या."

मी त्या पाच जणांना रचून दाखवलं. रडू येत होतं, तरी नीट दाखवलं. हर्षवर्धनने सगळं ऐकून घेतलं. "कळलं," म्हणाला आणि माझ्या पिवळ्या विटा उचलल्या. मला वाटलं, आता म्हणेल, चल. तो म्हणाला नाही.

दुपारी पाट गदागदा हलला आणि भिंत टिकली. टाळ्या झाल्या. हर्षवर्धनची आई भिंतीजवळ जाऊन विचारत होती, "यात आमच्या हर्षूचं कुठलं?" कुणालाच सांगता येईना.

नावं पाचच गेली. मला अजून राग आहे.

निघताना नूपुर मान खाली घालून मागे आली. "कडेची वीट आता का नाही पडली गं?"

उत्तर द्यायचं नव्हतं. पण तिला खरंच कळलं नव्हतं. "वरच्या विटेने तिला आतल्या विटेशी बांधून ठेवलंय," मी म्हटलं. "कडेला कुणीतरी असणारच. त्याला धरून ठेवावं लागतं."



मी मोठी झाले की चंद्रावर जाणार आहे. तिथल्या भिंतीवर पाच नावं असतील आणि मला त्यातलं एकही वाचायचं नाही. मी फक्त कडेच्या विटेला हात लावून बघणार आहे, घट्ट आहे ना.