आधी शेक, मग कोपरा

कुठेही स्टिकर दिसला की खरवडकाकूच्या नखांना खाज सुटायची, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक. डब्यांवरची लेबलं, फ्रिजवरची फुलपाखरं, पोरांनी दारावर डकवलेल्या मोटारी, जिथे कुणाची मात्रा चालेना तिथे काकूला बोलावणं. हेअर ड्रायर, तेलाची वाटी, जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन स्वारी हजर. "घाई नको. आधी शेक, मग कोपरा," हा तिचा मंत्र.

तर या काकूने जुन्या बाजारातून आरशाचं कपाट आणलं. कपाट नामी, पण आरशावर मासे, चांदण्या, बदकं, एकावर एक चिकटवलेली. विकणारा दोनदा म्हणाला होता, राहू द्या हो, शोभतात. काकूला राहू द्या म्हणणं म्हणजे मांजरीपुढे दूध ठेवून उपास सांगणं.

त्या दुपारी धाकटी जाऊ ठमीला तिच्याकडे सोडून कामाला गेली. ठमी पाच वर्षांची, डाव्या गालावर ठळक तीळ आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. जाताना जाऊने बजावलं, "ताई, एवढी एकच आहे. जपा."

काकू-पुतणी कामाला भिडल्या. काकू शेकायची. ठमी तळवा टेकून काच तापली का बघायची, मग कोपरा उचलायची. अख्खा मासा न फाटता निघाला की दोघी खिदळायच्या. उरलेला चिकटा काकूने तेलाने असा पुसला की काच नवरीसारखी उजळली.

मग ती मागे सरून बघते, तर बाकीचा आरसा धुरकट आणि मधोमध, स्टिकर होते तेवढाच, लख्ख ठसा. डोकं, खांदे, दोन हात, दोन पाय. बरोबर ठमीएवढा.

ठमी धावत जाऊन तिथे उभी राहिली. चपखल बसली. काकूला हसू फुटलं ते अर्ध्यावरच राहिलं. ठमीने हात हलवला होता. आरशातलीने जरा थांबून, विचार करून हलवला.

काकूने ठमीला मागे ओढलं.

आरशातली जागची हलली नाही.

काकूने स्टिकर भराभर परत लावायला घेतले. एकही धरेना. धरणार कसा? डिंकाचा कण म्हणून तिने ठेवला नव्हता.

"मी लावते की," ठमी म्हणाली. तिने एक बदक जिभेवर ओलं केलं, पुढे झाली आणि आरशातलीच्या तोंडावर दाबलं. बदक बसलं. आरशातली निमूट ठमीसारखी हलू लागली. काकूचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी जाऊ आली. एरवी निघताना चार वेळा मागे पळणारी पोर आज मुकाट्याने चपला घालून उभी. दारात तिने गाल पुढे केला, काकूने पापा घेतला. दार लागलं, पावलं जिना उतरून गेली, तेव्हा काकूच्या डोक्यात उजेड पडला.

तीळ उजव्या गालावर होता.

ती आरशापाशी धावली. बदकाच्या कडेला नख घातलं. नख नुसतं काचेवरून घसरलं.

बदक आतल्या बाजूला होतं.

तिने काचेला हात टेकला. काच थंडगार. मग तिच्या तळव्याखाली ऊब चढू लागली, इवल्याशा तळव्याएवढी.

थोड्या वेळाने बदकाचा एक कोपरा उचलला गेला. अगदी सावकाश, फाटू नये असा.