न खोकता बंद पडणारी गाडी

“पडली! पुन्हा बंद पडली! राजपुरा गेटसमोर, अगदी भर रस्त्यात!”

गिरधर सायकलला स्टँड लावायचंही विसरला. सायकल धाडकन आडवी झाली आणि तो तसाच धावत सिंधीपुऱ्यातल्या गॅरेजात शिरला. वंदनाने कानामागची पेन्सिल काढून वहीत लिहिलं, ‘मंगळवार, सव्वादहा, राजपुरा गेट. वेळ सातवी.’

“मग? पुढे काय झालं?” शोभाने विचारलं.

“होणार काय! मागे दोन ऑटो आणि एक केळ्यांचा ट्रॅक्टर, सगळ्यांचे हॉर्न चालू. तुमचे लीलाधर सर खाली उतरले, गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं गाडीकडे बघितलं, परत आत बसले, चावी फिरवली आणि एका झटक्यात चालू! वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘ही आपल्या सुपडू मिस्त्रीची कृपा!’”

वंदनाची पेन्सिल थांबली. सुपडू मिस्त्री म्हणजे तिचे पप्पा. या गॅरेजाचे मालक, कारागीर आणि झाडूवाले, सगळं एकटेच.

गिरधर तिचा मामेभाऊ. तो सुट्टीसाठी नेपानगरहून आला होता. शोभा शेजारची, वंदनाच्याच वर्गातली. सुट्टी लागली तेव्हा तिघांनी तापीत पोहायचे आणि कैऱ्या पाडायचे बेत केले होते. पण या गाडीने सगळ्यावर पाणी फिरवलं.

मुख्याध्यापक लीलाधर सरांची ही जुनी, दुधी रंगाची गाडी इंजेक्शनवाली होती. म्हणजे तिला पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर नव्हता. पेट्रोल किती सोडायचं हे एक इलेक्ट्रॉनिक डबी ठरवायची. मध्य प्रदेशातलं त्यांचं बुऱ्हानपूर जिल्हा होऊन तीन वर्षं होत आली होती, तरी अशी गाडी कॉम्प्युटरवर तपासायची तर इंदूरच गाठावं लागे. सुपडू मिस्त्री इंदूरला दोन महिने राहून हे काम शिकून आले होते. पण या एका गाडीने त्यांना पुरतं जेरीस आणलं. पेट्रोलचा फिल्टर बदलला, प्लग साफ केले, वायरचा जोड न् जोड उघडून पाहिला. स्वतः गावभर फिरवली. एकदाही बंद पडली नाही! सर घेऊन गेले, की दोन दिवसांत बंद.

सरांनी अर्धं गाव शिकवलेलं. त्यांचा शब्द चहाच्या टपरीवरून निघाला की दुपारपर्यंत शिकारपुऱ्यात पोहोचायचा. दोन गिऱ्हाइकांनी आपल्या गाड्या दुसरीकडे नेल्या. आणि काल जेवताना पप्पा मान खाली घालून म्हणाले होते, “इंदूरच्या वर्कशॉपवाल्यानं बलावलं हाये. एक तारखेपासून. गॅरेज बंद करून टाकू.”

वंदनाने ताट तसंच सरकवलं होतं. हे गॅरेज पप्पांनी स्वतःच्या हातांनी उभं केलेलं. ते सोडून पप्पा दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पाने उचलून देणार? नाही म्हणजे नाही!

“गाडीत भूत आहे,” गिरधरने निकाल दिला.

“गप रे! वही बघ,” वंदना म्हणाली. “पप्पांना गाडी बंद पडताना दिसलीच नाही, म्हणून त्यांना कळत नाही. आपण बघायचं.”

“पेट्रोलमध्ये भेसळ असेल,” शोभा म्हणाली.

“त्याच पेट्रोलवर पप्पांनी चालवली की.”

“मग ऊन! त्रेचाळीस डिग्री आहे यार, माणूस बंद पडतो, गाडीचं काय घेऊन बसलीस!” गिरधर म्हणाला.

“दोनदा सकाळी सातला पडलीय. तेव्हा कुठलं ऊन?” वंदनाने पानावर बोट फिरवलं. “हे बघा. स्पीडब्रेकर, रेल्वे फाटक, खड्डा, पुन्हा स्पीडब्रेकर. प्रत्येक वेळी धक्का!”

“पण काका त्याच ब्रेकरवरून दहा वेळा गेले!” शोभा म्हणाली.

“तेच तर! रस्ता तोच, पेट्रोल तेच, गाडी तीच. फरक एकच. पप्पा चालवतात तेव्हा सर नसतात.”

“म्हणजे सरच बिघडलेत!” गिरधर खो खो हसत सुटला. शोभाने आधी घाबरून दाराकडे पाहिलं आणि मग तीही हसली.

वंदना मात्र हसली नाही. तिने पानाच्या वर लिहिलेली तारीख पाहिली. गाडी पहिल्यांदा बंद पडली ती एक मेला. शाळेला सुट्टी लागली तीस एप्रिलला. वर्षभर धडधाकट धावलेली गाडी सुट्टी लागताच आजारी पडली! आळशी मुलं परीक्षेच्या दिवशी आजारी पडतात, या गाडीचं सगळं उलटंच.

“उद्या सरांच्या गाडीत बसायचं,” ती म्हणाली.

शोभाचा चेहरा पांढराफटक पडला. “सुट्टीत? मुद्दाम? सरांच्या शेजारी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तिघंही शनवारा चौकात उभी होती. सर रोज याच वेळी लालबागला बहिणीकडे जात. गाडी दिसताच वंदनाने हात केला.

“सर, लालबागपर्यंत सोडाल का?”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “बसा. पण फुकट नाही. सव्वीसचा पाढा!”

शोभा आणि गिरधर मागे बसले, वंदना पुढे. गाडीतला पंखा घरघरत गरम वारा फेकत होता. मागून रडवेल्या आवाजात पाढा सुरू झाला. “सव्वीस एके सव्वीस, सव्वीस दुणे बावन्न, सव्वीस त्रिक...”

“अठ्ठ्याहत्तर! पुढे!”

वंदनाचं पाढ्याकडे लक्ष नव्हतं. पप्पांनी तिला शिकवलं होतं, पेट्रोल कमी पडलं तर इंजिन आधी खोकतं, आचके देतं आणि मग थांबतं. करंट गेला तर न खोकता, दिवा मालवावा तसं गप्प होतं. पप्पांनी सरांनाही विचारलं होतं, “सर, बंद पडताना खोकते का?” तेव्हा सर फिस्कारले होते, “अरे, गाडी आहे ती, म्हातारी नव्हे खोकायला!” झालं! उत्तर मिळालंच नाही.

समोर ब्रेकर आला. सरांनी क्लच दाबला, गाडी हळू केली. पुढची चाकं चढली, धपकन उतरली, आणि खण्ण! वंदनाच्या गुडघ्याजवळ काहीतरी जोरात आपटलं. त्याच क्षणी पंखा थांबला. लगेच पुन्हा फिरू लागला. समोर दोन लाल दिवे पेटले. इंजिन चिडीचूप!

ना खोकला, ना आचका.

“पाहिलंत?” सर कडाडले. “पाहिलीस तुझ्या बापाची करामत?”

वंदनाचे कान तापले. पण तिची नजर त्या खणखणाटाकडे वळली होती. गाडीच्या चावीत एक हातभर साखळी अडकवली होती आणि साखळीला चाव्यांचा हा एवढा जुडगा! प्रत्येक चावीला पत्र्याची चकती: प्रयोगशाळा, ग्रंथालय, सहावी ब. शिवाय मोठ्या फाटकाचं जुनं पितळी कुलूपही त्यातच. अजून सगळं झुलत होतं.

लालबागला उतरताच तिने दोघांना बाजूला ओढलं. “तो जुडगा वर्षभर कुणाकडे असतो?”

“उखर्डूदादांच्या कमरेला,” शोभा म्हणाली. उखर्डूदादा म्हणजे शाळेचे शिपाई.

“आणि सुट्टीत?”

“ते गावी जातात. मग सर...” शोभाचे डोळे विस्फारले. “अगं बाई!”

“सर तो दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. गॅरेजात गाडी सोडताना फक्त गाडीची चावी काढून देतात. मी स्वतः बघितलंय! म्हणून पप्पांकडे गाडी शहाण्यासारखी वागते. जुडग्याच्या हिसक्याने चावी हलते आणि करंट तुटतो!”

“क्या बात है!” गिरधरने हवेत उडी मारली. “चल, सरांना सांगू!”

पण सांगणं इतकं सोपं होतं थोडंच! दुपारी सर स्वतःच गॅरेजात हजर झाले. “सुपडू, शुक्रवारी मी असीरगडचा घाट चढून खंडव्याला निघालोय. उद्या संध्याकाळी गाडी न्यायला येतो. या खेपेला बंद पडली तर थेट इंदूर!”

“सर, तो चाव्यांचा जुडगा...” वंदना पुढे झाली.

“मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये!” सरांनी गाडीची चावी साखळीतून काढून दिली, जुडगा खिशात कोंबला आणि ते चालू लागले. खिसा गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

पप्पा स्टुलावर बसले. “इंदूरवाल्याले आजच फोन करून ‘येतो’ म्हणून टाकतो.”

“पप्पा, थांबा! एकदा ऐका!” वंदनाने धडाधडा सगळं सांगितलं. पंखा थांबल्याचं ऐकताच पप्पांनी मान वर केली.

“पंखा बी थांबला? पक्कं?”

“पक्कं! आणि खोकली नाही!”

“मग करंटच,” पप्पा पुटपुटले. “पण चाव्याच्या वजनानं? इतकुशा गोष्टीनं?”

“लावून बघू!” गिरधरने नटांचा डबा उपडा केला. “किलोभर लावू, म्हणजे नक्की बंद पडेल.”

“नाही,” वंदना म्हणाली. “जास्त वजन लावून बंद पाडली तर ती लबाडी. जुडगा अर्धा किलोचा असेल. आपण थोडं कमीच लावू.”

नट तारेत ओवून चावीला घट्ट बांधले आणि चौघं निघाली. पहिला ब्रेकर. काही नाही. दुसरा. काही नाही! राजपुरा गेटचा खड्डासुद्धा गाडीने खुशाल पार केला. पप्पांनी गाडी कडेला घेतली आणि वंदनाच्या डोक्यावर हात ठेवला.

“राहू दे, बेटा. तू लय मेहनत केली.”

वंदनाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते तिने बाहीने खसकन पुसलं आणि नटांकडे पाहिलं. ते चावीला चिकटून गप्प बसले होते. सरांचा जुडगा असा कुठे बसला होता? तो तर झुलत होता!

“साखळी!” ती किंचाळली. “साखळी पाहिजे! गिऱ्या, तुझ्या सायकलच्या कुलपाची साखळी दे!”

सायकल गॅरेजात होती. गिरधर पळत गेला आणि धापा टाकत साखळी घेऊन आला. नट आता साखळीच्या टोकाला लोंबू लागले. गाडी वळून पुन्हा त्याच खड्ड्याकडे आली. धप्प! खण्ण! पंखा थांबला, लाल दिवे पेटले, इंजिन गप्प!

मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, तरी पप्पा हललेच नाहीत. मग त्यांनी दोन्ही हात जोडून गाडीलाच नमस्कार केला. “पडली! माह्या हातात पडली!” बंद पडलेल्या गाडीत इतका खूश झालेला माणूस राजपुऱ्याने कधी पाहिलं नसेल.

गॅरेजात येऊन त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं. चावीमागच्या स्विचमधली पितळी पट्टी झिजून गुळगुळीत झाली होती. चावी बोटाने जराशी खाली ओढली, की पंखा बंद. सोडली, की चालू.

“बदलून टाकू?” शोभाने विचारलं.

“नाही! आधी सरांना दाखवायचं,” वंदना म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी सर आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि मान झटकली. “योगायोग! चाव्यांनी कधी इंजिन बंद पडतं का?”

वंदनाने वही उघडून सरांपुढे धरली. “सर, प्रयोगाच्या तासाला तुम्हीच सांगता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गाडी तुम्हीच चालवा. आधी नुसत्या चावीने, मग तुमचा जुडगा लावून.”

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग ते गाडीत जाऊन बसले. नुसत्या चावीने ते त्या ब्रेकरवरून दहा वेळा गेले. गाडी ठणठणीत! मग त्यांनी खिशातून जुडगा काढून स्वतःच्या हाताने अडकवला. पहिल्यांदा वाचले. दुसऱ्यांदा धप्प, खण्ण, आणि सगळं शांत.

गिरधरने हसू दाबायला मूठ तोंडात घातली. सर सावकाश उतरले आणि पप्पांसमोर उभे राहिले.

“सुपडू, तू मला विचारलं होतंस, खोकते का. मी तुझी थट्टा केली. तेव्हाच सरळ उत्तर दिलं असतं तर तुझी तीन आठवडे बदनामी झाली नसती. मी चुकलो.”

“जाऊ द्या, सर,” पप्पा संकोचून म्हणाले.

“जाऊ कसं द्यायचं? उद्या घाटात बंद पडली असती तर? चारचौघांत नावं ठेवली, आता चारचौघांतच सांगणार. त्याच टपरीवर!” मग ते मुलांकडे वळले. “आणि तुम्ही तिघं! अरे, मी तीस वर्षं विज्ञान शिकवतोय. ते इतकं मन लावून कोणी ऐकत असेल असं मला वाटलं नव्हतं. शाब्बास, वंदना! तू काल बोलत होतीस तेव्हा तुला गप्प करायला नको होतं.”

पप्पांनी नवा स्विच बसवला. सर गेले ते खरोखर आधी टपरीवरच. गॅरेजसमोर तिघं गुपचूप बसून राहिली, कारण आत पप्पा टेलिफोनचा नंबर फिरवत होते. वंदनाने शोभाचा हात इतका घट्ट धरला, की शोभा कळवळली.

“हॅलो, इंदूर? मैं सुपडू बोल रहा हूँ, बुरहानपुर से,” पप्पांचा आवाज बाहेर आला. “नहीं साहब, मैं नहीं आ रहा. इधर अपना ही गॅरेज है, बहुत काम है.”

वंदनाला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिने दोन्ही केलं.