हलू नका, श्वास रोखा

नदीवरून परत आलं की कॅमेरा लगेच घरात न्यायचा नाही, अर्धा तास जिन्यातच ठेवायचा, हा अण्णांचा नियम होता. गारठलेली काच एकदम उबेत नेली की घामेजते, आणि आतून घामेजली तर पुसायचीही सोय नाही. अलीकडे धाकटा हा नियम फारच काटेकोर पाळू लागला होता, कारण तेवढा अर्धा तास कॅमेऱ्याशेजारी त्यालाही जिन्यात बसून राहता येई. वर गेलं की अण्णांचं तोंड होतं.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. खाली फोटोचं दुकान, वर घर. दुकान अण्णांनीच काढलेलं. तो स्वतः बावन्न वर्षांचा झाला, केस पिकले, तरी गावाच्या लेखी तो 'धाकटा'च होता. अकरा आठवड्यांपूर्वी अण्णांची उजवी बाजू गेली आणि ते अंथरुणाला खिळले. तेव्हापासून त्यांचं तोंड उघडंच राहायचं. उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळून उशीवर वाळायची, तिची कड पिवळी पडायची. सकाळी ओलं फडकं तर्जनीला गुंडाळायचं आणि उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची. मग हिरड्या, टाळू, शेवटी जिभेवरचा थर. फडकं बाहेर येई तेव्हा त्याला तार सुटलेली असे.

त्याला किळस यायची. सख्ख्या बापाची किळस येते याची लाज वाटायची, आणि लाज वाटून किळस काही तसूभरही कमी व्हायची नाही. त्याची बायको हेच काम दुपारी करताना गाणं गुणगुणत असे. तिला हे जमतं कसं, याचा त्याला उगाचच राग येई.

अण्णांनी चाळीस वर्षं माणसांना स्टुलावर बसवलं होतं. "हलू नका. श्वास रोखा." मग खटका, आणि मग, "झालं. सोडा." अर्ध्या गावाने त्यांच्या शब्दाखातर कधी ना कधी श्वास रोखला होता. ऐकलं नव्हतं फक्त नदीवरच्या धुक्याने. जुना मोठा लाकडी कॅमेरा घेऊन ते कितीतरी हिवाळे पहाटेचे नदीवर गेले. पण त्या अंधुक उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि धुकं काही तेवढा वेळ थांबत नाही. कागदावर उतरायचं ते पाण्यात पीठ कालवल्यासारखं काहीतरी. आता वाचा जवळजवळ गेली तरी अण्णा दिवसातून दोनदा तेवढा एक शब्द काढत. "धुकं."

डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवशी धाकट्याने ठरवलं, जायच्या आधी त्यांना हा एक फोटो दाखवायचाच. बायकोचे डोळे भरून आले. तिला त्याने दुसरी गोष्ट सांगितली नाही. फोटो पाहिला की म्हाताऱ्याचा जीव सुटेल, आणि मी त्या तोंडातून सुटेन, हेही त्याच्या मनात होतं.

पहिल्या दिवशी तो साडेपाचला नदीवर पोचला. जुन्या पंपघराच्या मागे पडक्या पायऱ्या होत्या, तिथे त्याने कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं. पाणी दिसत नव्हतं, समोरच्या काठावरच्या झाडांचे शेंडे तेवढे वर होते. त्याने छाती भरून हवा घेतली आणि तिथेच थबकला.

वास ओळखीचा होता. औषध, आंबलेलं दूध आणि न धुतलेलं तोंड. सकाळी उशी उलटी करताना यायचा तोच. त्याने आपलीच बोटं हुंगून पाहिली. बोटांना साबणाचा वास होता.

पायऱ्यांच्या खालच्या अंगाला होडीवाला दोर सोडत होता. त्याने नाकातोंडावर मफलर घट्ट बांधला होता.

"कसला वास येतोय हा?" धाकट्याने विचारलं.

"तोंड मिटा," होडीवाला म्हणाला. दोर होडीत टाकत पुढे म्हणाला, "तुमचे वडील इथेच उभे राहायचे. बडबडत."

"काय बडबडायचे?"

"दुकानात बोलतात तेच. हलू नका, श्वास रोखा. मी म्हणायचो, मास्तर, हे गिऱ्हाईक नाही. उद्या ऐकलं त्याने, मग काय कराल?"

"मग ते काय म्हणायचे?"

"हसायचे." होडीवाल्याने मफलर खाली ओढला, पाण्यात थुंकला आणि पुन्हा वर घेतला.

धाकट्याने दोन फोटो घेतले आणि दुकानात येऊन मागच्या डार्करूममध्ये गेला. त्या कॅमेऱ्याची फिल्म सुटी असते, तळहाताएवढी. मिट्ट काळोखात तिची मसाल्याची, म्हणजे चित्र उतरतं ती बाजू कोणती हे ओळखायची अण्णांची रीत अशी, की एक कोपरा ओठांना हलकेच लावायचा. चिकटली ती मसाल्याची बाजू. दहाव्या वर्षापासून तो हे करत आला होता. फिल्म कोरडी असते, थंड असते, चव म्हणाल तर काहीच नसते.

ही कोमट होती. ओठाला लागली ती ओली लागली, नुसती चिकटली नाही, तर बिलगली. त्याने ती ओढून काढली तेव्हा तार सुटल्याचं त्याला काळोखातही कळलं. जिभेवर चव उतरली, आणि तो वास जर चवीत उतरला असता तर अशीच असती. त्याने तिथल्या बेसिनमध्ये पोटातलं सगळं ओकून टाकलं. मग तीनदा चूळ भरली, ओठ साबणाने घासले. फिल्म धुऊन मग दिवा लावून पाहिलं, तर तिच्यावर वेगळं काहीच नव्हतं, नेहमीचा फराटा तेवढा. दुसरीवरही तोच. त्याने त्या कचऱ्यात टाकल्या आणि आपली झोप पुरी होत नाही अशी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी खरं तर त्याला जायचं नव्हतं. पण पहाटेच फडकं बोटाला गुंडाळताना अण्णांनी डावा हात उचलून त्याचं मनगट धरलं. "धुकं," ते म्हणाले. तेवढ्या एका शब्दाने त्यांचा श्वास त्याच्या तोंडावर आला. तो कॅमेरा उचलून निघाला.

त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की धुकं येतं आणि जातं. पायऱ्यांपर्यंत सरकत यायचं, थांबायचं, मग पाण्याकडे मागे ओढलं जायचं. त्याने सवयीने आकडे मोजले. यायला चार. मग सात आकडे काहीच नाही. मग जायला तीन. पुन्हा चार, सात, तीन.

हे आकडे त्याला पाठ होते. अण्णांचा श्वास मध्येच अडकू लागल्यापासून डॉक्टरांनी मोजून लिहून ठेवायला सांगितलं होतं. पलंगाशेजारच्या वहीत त्याच्याच अक्षरात ते लिहिलेले होते. पाय ओले झाले म्हणून त्याने खाली पाहिलं. सर्वात वरच्या पायरीवर, तिच्या उजव्या कडेने, काहीतरी दाट आणि कोमट हळूहळू ओघळत होतं. त्या दिवशी त्याने शटर उघडलंच नाही. घरी येऊन जिन्यात तो अर्ध्या तासाऐवजी तासभर बसला.

तिसऱ्या दिवशी बायको दारात उभी राहिली.

"आज नका जाऊ. आज त्यांचं लक्षण ठीक दिसत नाही."

"तासाभरात येतो. आज मिळेल बघ, पाऊस नाही, वारा नाही."

"तुम्हाला बाहेरच पडायचं असतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ते खरं होतं म्हणून त्याला जास्त लागलं, आणि लागलं म्हणून तो गेला.

नदीवर धुकं इतकं दाट होतं की पंपघराची भिंत हाताने चाचपत जावं लागलं. वासाने डोळ्यांना पाणी येत होतं. होडी काठाला होती, होडीवाला तिच्यात पाठ करून बसला होता. धाकट्याने कॅमेरा लावला, काळं कापड डोक्यावर घेतलं, काचेवर चित्र नीट केलं. धुकं आलं. चार. थांबलं. सात. गेलं. तीन.

सात आकड्यांत फोटो होत नव्हता. त्याला तीस हवे होते.

तो कापडातून बाहेर आला, शटरची तार हातात धरली आणि समोर पाहत, चाळीस वर्षं कानावर पडलेल्या त्याच सुरात, विचार न करता बोलून गेला.

"हलू नका. श्वास रोखा."

होडीवाल्याने मान वळवून पाहिलं.

धुकं पायऱ्यांपर्यंत आलं होतं. तिथेच थांबलं.

त्याने शटर उघडलं. पाच. दहा. धुक्याची एक बट झाडाच्या शेंड्याला लागली होती, ती तिथेच राहिली. वीस. तीस. त्याने शटर बंद केलं.

धुकं हललं नाही.

पाण्यावरून एक वाळकं पान वाहत गेलं. ते धुक्याखालून गेलं, पलीकडे निघालं. धुकं जिथल्या तिथे.

साठ. सत्तर.

"सांगा त्याला," होडीवाला हलक्या आवाजात म्हणाला. "पुढचं सांगा."

तोंड उघडलं तर ते धुकं आत शिरेल, एवढंच धाकट्याला वाटत होतं. त्याने तिकाटण्यासकट कॅमेरा खांद्यावर टाकला, ओठ गच्च मिटले आणि पळत सुटला.

बायको जिन्यातच बसली होती.

"सहाला दहा कमी होते," ती म्हणाली. "श्वास आत घेतला, आणि मग सोडलाच नाही. मी वाट बघत बसले हो. आता सोडतील, आता सोडतील."

वर अण्णा डोळे उघडे ठेवून पडले होते, अगदी स्थिर, फोटोला बसल्यासारखे. अकरा आठवड्यांत पहिल्यांदाच तोंड मिटलेलं होतं. उजवा कोपरा कोरडा होता. वास कसलाही नव्हता. धाकट्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते, सुटलो. रडू त्यानंतर आलं.

फोटो अप्रतिम उतरला होता. दोन हात रुंदीचा कागद काढला, काच बसवून फ्रेम केली आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या स्टुलामागे, भिंतीवर लावली. पाहणारा म्हणायचा, आता हलेल असं वाटतं. वरची गादी टाकून दिली होती, खोली दोनदा फिनाइलने धुतली होती. धाकट्याला भूक लागू लागली. रात्री झोप लागे. आपण वाईट मुलगा नव्हतो, फोटो काढलाच ना शेवटी, असं तो स्वतःला सांगायचा, आणि ते जवळजवळ पटतही होतं.

आठव्या दिवशी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून शाळेतल्या एक बाई आल्या, ओळखपत्राचा फोटो हवा होता. त्याने त्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगितली.

"हलू नका. श्वास रोखा."

खटका झाला.

"झालं," तो म्हणाला. "सोडा."

बाईंनी श्वास सोडला. त्यांच्या मागे भिंतीवरची काच पांढरी झाली.

ती आतून पांढरी झाली होती. तीन मोजेपर्यंत ती तशीच दाट होत गेली, आणि तीननंतरही होतच राहिली. आठ दिवस कोंडलेलं होतं ते.

"काहीतरी मेलंय का हो इथे?" बाईंनी पदर नाकाला लावला. "उंदीर वगैरे?"

"असेल," धाकटा म्हणाला. "बघतो."

त्या पैसे ठेवून लगबगीने निघून गेल्या. काच हळूहळू निवळली तेव्हा फोटोत धुकं नव्हतं. उघडी पडकी पायरी होती आणि काळं पाणी. चार मोजले, तसं समोरच्या काठावरून धुकं पुन्हा आत येऊ लागलं, पायऱ्यांपर्यंत आलं आणि थांबलं. त्याने सात मोजले. मग वीस मोजले. ते थांबून राहिलं, पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत.

बायको वासाने जिना उतरून आली होती. तिने फ्रेमकडे पाहिलं. ती आत गेली आणि ओलं फडकं घेऊन आली. तिने ते त्याच्या हातात दिलं.

त्याने ते तर्जनीला गुंडाळलं. फ्रेमच्या खालच्या पट्टीवरून काहीतरी भिंतीवर ओघळू लागलं होतं, फक्त उजव्या कोपऱ्यातून.