फणी, वेणी आणि हितसंबंध

स्ट्रुअन पहिल्यांदा माझ्या औषधांच्या दुकानात आला, तेव्हा बाहेर समुद्रावरून दाट धुकं चढून आलं होतं. काउंटरवर तो इतका वाकला, की मला वाटलं, काहीतरी भलतंच मागतोय.

"फणी आहे का?" तो कुजबुजला. "बारीक दातांची... उवांसाठी."

"तुमच्यासाठी?"

"मुलीसाठी हो! शाळेतून चिठ्ठी आलीय." मग कानामागे खाजवत म्हणाला, "म्हणजे... आता बहुतेक माझ्यासाठीपण."

मी खुदकन हसले, आणि मेलं त्याच क्षणी माझंही डोकं खाजायला लागलं!

मुलीचं नाव मॉर्व्हेन, वय सात. नवरा-बायकोची फारकत झालेली, आठवड्यातले निम्मे दिवस मुलगी बापाकडे असं ठरलेलं. पण स्ट्रुअन समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. तीन आठवडे पाण्यात, तीन आठवडे घरी. त्यात बापाला वेणी घालता येत नाही म्हणून पोरगी रोज सकाळी भोकाड पसरायची. हे सगळं त्याने फणी घेता घेता सांगितलं, म्हणून मी त्याला आमच्या संस्थेचा पत्ता दिला.

आमची संस्था बापांसाठी आहे. दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बाप आणि पोरं जमतात, चहा होतो, गरम पावात सॉसेज घालून खातात, आणि घरी कुणाला सांगता येत नाही ते इथे बोलतात. स्कॉटलंडमधल्या डंडी गावातल्या आमच्या वस्तीतली चार शहाणी माणसं विश्वस्त म्हणून ती चालवतात. त्यांत मी, फिनेला, सहा वर्षं आहे. गोळ्या विकते म्हणून मला शहाणी समजले असावेत.

स्ट्रुअन आला, आणि दोन महिन्यांत तोच इतरांना वेण्या शिकवू लागला. गोदीतले दांडगे गडी मांडीवर बाहुलीचं डोकं घेऊन, जीभ दातांत धरून बसलेले असायचे. एका शनिवारी बाहुल्या कमी पडल्या.

"फिनेला, तुमचे केस द्या जरा," तो म्हणाला.

"काय?"

"शिकवायला हवेत. उवा नाहीत ना?"

"फणी माझ्याच दुकानातली होती. असल्या तर त्या तुमच्याच!"

सगळे हसले. तो माझ्यामागे उभा राहिला. त्याची बोटं मानेला लागली, आणि मी चहाचा कप उगाचच घट्ट धरून बसले.

"झालं का?"

"नाही."

"एवढा वेळ?"

"मुद्दाम..." तो हळूच म्हणाला.

मी वळून बघते, तर स्वारी किटलीकडे निघालेली! आता याचा अर्थ काय लावायचा, सांगा? दुसऱ्या शनिवारी त्याने मला 'तू' म्हटलं, तिसऱ्या शनिवारी परत 'तुम्ही'. एकदा धुक्यात घरापर्यंत सोडायला आला, आपली टोपी माझ्या डोक्यावर घातली, आणि सबंध वाट फक्त सॉसेजबद्दल बोलला. मला रात्र रात्र झोप नाही... सॉसेजमुळे नव्हे.

तेवढ्यात संस्थेने पगारी संयोजक नेमायचं ठरवलं, आणि स्ट्रुअनने अर्ज केला. नोकरी मिळाली तर तो कायम गावात, मुलीजवळ. नाही मिळाली तर येत्या सोमवारी हेलिकॉप्टरने परत तेलविहिरीवर.

निवड समिती तिघांची होती. अध्यक्ष ऑगिल्वीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या नुसत्या चष्म्यावरून बघतात आणि माणसाला आपण गृहपाठ केला नाही असं वाटतं. दुसरे डंकनकाका, तीस वर्षं बस चालवलेले. तिसरी मी. डंकनकाका स्ट्रुअनच्या बाजूने, हे जगजाहीर. बाईंना मात्र दुसरा उमेदवार आवडलाय, असं मला वाटत होतं. त्याच्याकडे दोन पदव्या होत्या. म्हणजे स्ट्रुअनला माझंच मत तारणार. मी बाहेर पडले, तर एकास एक, आणि बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत निर्णायक.

सभेच्या सुरुवातीला बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. "कुणाचा कुठल्या उमेदवाराशी हितसंबंध? नातं? जवळीक?"

मी टेबलावरच्या बिस्किटाकडे बघत राहिले. सांगणार तरी काय? एक टोपी आणि एक वेणी? ही जवळीक धरतात का?

"कुणाचाच नाही? नक्की?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि इतिवृत्तात 'नाही' लिहिलं.

दोन्ही मुलाखती झाल्या. "बाप आला आणि तोंडच उघडत नाही, तर काय कराल?" बाईंनी दोघांनाही विचारलं. पदवीधराने तक्ता काढून दाखवला. स्ट्रुअन म्हणाला, "त्याच्या हातात बाहुली देईन. हात कामात असले, की माणसाला बोलायची लाज वाटत नाही."

"तर मग, मतं," बाई म्हणाल्या.

माझा हात वर गेला. मत द्यायला नव्हे.

"बाई... ते 'नाही' खोडा."

"कुणाशी संबंध?"

"स्ट्रुअनशी."

"कसला?"

"ते मलाच ठाऊक नाही हो!" माझा आवाज चिरकला. "त्याला काही वाटतं का, माहीत नाही. मला वाटतं. फार वाटतं. आता मी त्याला मत कसं देऊ?"

"अगं बया," डंकनकाका म्हणाले, "भर सभेत?"

"बाहेर बस," बाई एवढंच म्हणाल्या.

बाहेर बाकावर स्ट्रुअन एकटाच होता, पदवीधर गाडी गाठायला गेला होता. मला बघून तो ताडकन उठला.

"झालं मतदान?"

"मी मत दिलं नाही. देता आलं नाही... स्ट्रुअन, तुझी नोकरी गेली माझ्यामुळे. मॉर्व्हेन मला कधी माफ करणार नाही."

"का देता आलं नाही?"

"मूर्खा, तू मला आवडतोस म्हणून!"

तो मटकन बाकावर बसला. कानापर्यंत लाल झाला.

"अर्जात शेवटचं पान होतं," तो म्हणाला. "विश्वस्तांपैकी कुणाशी जवळीक? हो किंवा नाही. मी 'नाही'वर खूण केली. खोडली. 'हो'वर केली. तीही खोडली. मग खाली लिहिलं... मला फिनेला आवडते. तिचं माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही."

"कुणी वाचलं ते?"

"ते पान फक्त अध्यक्षांकडे जातं."

दार उघडलं. ऑगिल्वीबाई चष्मा पुसत उभ्या होत्या.

"पंधरा दिवस वाट बघतेय मी, ही पोरगी तोंड उघडते का म्हणून," त्या म्हणाल्या. "स्ट्रुअन, दोन्ही मतं तुला. तो तक्तेवाला मला पहिल्या मिनिटापासून नको होता. सोमवारी हेलिकॉप्टर नको, इकडे ये. आणि फिनेला, संयोजकाच्या जवळचं माणूस विश्वस्त राहू शकत नाही, हे तुला मी सांगायला नको."

सहा वर्षांची खुर्ची. जरासं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग शेजारी पाहिलं. त्याने माझी बोटं घट्ट धरली होती, आणि दुसऱ्या हाताने डोकं खाजवत होता.

"पेन आहे का तुझ्याकडे?" मी त्याला विचारलं. "राजीनामा लिहायचाय."