नियमाच्या बाजूची मुलगी

तो दुकानात शिरताना दाराच्या चौकटीला धडकला आणि चौकटीलाच म्हणाला, "सॉरी हं."

मला हसू आवरेना. तो मात्र गंभीर. तळहातावर चष्म्याचे दोन तुकडे धरून उभा.

"कुणी तरी यावर बसलं," तो म्हणाला.

"कोण?"

"...मीच."

मी त्याला खुर्चीत बसवलं, नंबर तपासायला घेतला. सकाळपासून बाहेर भिरभिर वारा होता आणि दुकानातही मला एका जागी चैन पडत नव्हतं. जवळचं वाचायला द्यायचं छापील कार्ड नेमकं सापडेना, म्हणून टेबलावरचं वर्तमानपत्र मी त्याच्या हातात दिलं. "कुठलंही वाचा."

तो तपासणीच्या भिंगांमधून डोळे बारीक करून वाचायला लागला. "'या देशात यायला रांग आहे. ती मोडून शिरणाऱ्यांना कामावर ठेवलं जातं, तेव्हा रांगेत उभं राहणाऱ्यांची फसवणूक होते. असं करणाऱ्या मालकांवर कारवाई झालीच पाहिजे...'" तो थांबला. "अक्षर स्वच्छ दिसतंय. लिहिणारा मात्र कोत्या मनाचा वाटतोय."

"का बरं?"

"परक्या माणसांचा तिटकारा असतो हो. तो उघड बोलायची लाज वाटते. मग त्याला नियमाचा सदरा चढवायचा आणि पेपरात पाठवायचं."

"ते पत्र मी लिहिलंय," मी म्हणाले.

आणि त्याच्या डोळ्यांवरची तपासणीची भिंगं काढून घेतली. मग तो हळूच म्हणाला, "तुमचा चेहरा मला दिसत नाहीये..."

"बरंच आहे. आत्ता बघण्यासारखा नाहीये. चष्मा गुरुवारी मिळेल."

जाताना तो पुन्हा चौकटीला धडकला. या वेळी मला हसू आलं नाही.

त्यानंतरचे दोन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एकच भिंग तीनतीनदा पुसायची, जेवताना मध्येच उठायची. बाबा लहानपणापासून मला भिंगरी म्हणतात. दुसऱ्या रात्री ताटावरून मान वर करून म्हणाले, "भिंगरे, काय झालंय? बस की जरा."

कोता म्हणे! मी पाच वर्षांची होते तेव्हा आईबाबा मला घेऊन या देशात आले. त्याआधी बाबांनी सहा वर्षं अर्ज, शिक्के आणि मुलाखती यांच्यात घालवली होती. आई गेल्यावर तिच्या धाकट्या बहिणीनं, माझ्या मावशीनं, आमच्याकडे यायचं म्हणून अर्ज केला. त्याला आता नऊ वर्षं झाली. दर रविवारी फोनवर पहिल्या वाक्याला मी विचारते, "मावशी, काही आलं?" आणि ती म्हणते, "येईल गं." तिच्या गल्लीतले दोघंतिघं ट्रकमध्ये लपून पोचलेसुद्धा. तिलाही म्हणाले, चल. ती नाही आली. हे सगळं मी पत्रात लिहिलं नव्हतं. घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?

गुरुवारी तो आला तेव्हा मी ठरवून टाकलं होतं, चष्मा हातात द्यायचा आणि वाटेला लावायचं. पण दांड्या कानामागे नीट बसतात का ते बघावंच लागतं. मी वाकले, त्याच्या केसांतून दांडी सरकवली. त्यानं पापण्या उघडल्या आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"दिसतंय नीट?" मी जरा जास्तच मोठ्यानं विचारलं.

"दिसतंय. परवा मी फार बोललो, तेही दिसतंय."

मग राहवेना म्हणून मी मावशीचं सगळं सांगून टाकलं. भडाभडा. "आता सांगा, तिच्या बाजूनं बोलले तर मी कुणाचा द्वेष केला?"

तो काउंटरवर बोटानं रेघोट्या ओढत राहिला. "मला हे विचारायला हवं होतं. न विचारता शिक्का मारला मी." मग म्हणाला, "पण एक सांगू? तुमच्या मावशींची फाइल ज्या टेबलावर अडलीय, तिथं ती ट्रकमधल्या माणसानं नाही अडवली."

"माहीत आहे. म्हणून काय रांग मोडणं बरोबर ठरतं?"

"नाही ठरत... पण माझ्या वर्गात चाळीस माणसं आहेत. मी नव्यानं आलेल्यांना इथली भाषा शिकवतो, वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये. तुम्ही शनिवारी दुपारी या. त्यांचे डोळे तपासा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून चुकतात की मीच वाईट शिकवतो, एवढं तरी कळेल."

"आणि मी आले की म्हणाल, बघा, कशी वठणीवर आणली!"

"तुम्हाला वठणीवर आणणारा अजून जन्माला यायचाय," तो म्हणाला, आणि माझे कान गरम झाले.

शनिवारी मी अक्षरांचा तक्ता काखोटीला मारून गेले. सगळे त्याला मास्तर म्हणत होते, मीही म्हणायला लागले. पहिले आले ते इस्त्रीचा शर्ट घातलेले, मृदू बोलणारे एक गृहस्थ. शहरभर पियानोचे सूर लावून द्यायचे, म्हणून त्यांना पियानोवाले म्हणत. आमच्यासारखंच सफाईदार बोलत होते. वर्गात ते शिकायला नव्हे, मास्तरांना मदत करायला यायचे. आम्ही छान गप्पा मारल्या.

त्यांच्यानंतर एक शिवणकाम करणारी बाई बसली. डोक्याला भडक रुमाल, तुटकं बोलणं, हाताला सुयांचे ओरखडे. तपासणीच्या कागदावर पत्ता लिहिताना ती थबकली, आणि मी तिच्याकडे झुकून अगदी मायेनं म्हणाले, "घाबरू नका. कागद नसले तरी इथं कुणी विचारणार नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं नागरिकत्वाचं कार्ड काढून माझ्यासमोर आपटलं.

"बारा वर्षं झाली. मी मतदान करते. पत्ता लिहिला नाही, कारण काल घर बदललं, पिनकोड पाठ नाही." मग पियानोवाल्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "या साहेबांना तुम्ही असं म्हणालात?"

म्हणाले नव्हते. माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

पियानोवाले बाजूच्याच खुर्चीत होते. मान खाली घालून, हळू आवाजात ते म्हणाले, "हे तुम्ही मला विचारायला हवं होतं, बाई. माझ्या इथं राहायच्या परवान्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली. पेपरातलं पत्र तुमचं ना? ते माझ्याबद्दल होतं. हिच्याबद्दल नव्हतं."

कसेबसे उरलेल्यांचे डोळे तपासले आणि बाहेर पडले. छत्री आतच राहिली होती. बारीक पाऊस लागला होता, तरी मी झपाझप चालत सुटले. मागून पळत येणारी पावलं ऐकू आली.

"म्हणा ना!" मी वळून ओरडले. "म्हणा, जिंकलो! नियमाचा सदरा कसा उसवला म्हणा!"

मास्तर धापा टाकत होता. चष्म्यावर थेंबच थेंब. "काय जिंकलो? पियानोवाल्यांचं मलाही आजच कळलं." त्यानं चष्मा काढला, पुसायला रुमाल सापडेना, तसाच धरून उभा राहिला. "आणि त्या बाई... दोन वर्षं मीही त्यांना बिनकागदाच्या समजत होतो. त्यांच्यासाठी वकील शोधत होतो, त्यांना न विचारता. त्यांच्यावर दया करत होतो! तुम्ही एकदाच चुकलात. मी दोन वर्षं चुकतोय."

मी माझ्या ओढणीच्या टोकानं त्याचा चष्मा पुसला. खरं तर ओल्या कापडानं भिंग पुसू नये. मी हे रोज लोकांना सांगते.

त्या दिवसापासून आम्ही भांडायला लागलो. रोज. दुकान बंद केलं की तो दाराशी हजर. "आज एक नवा मुद्दा आहे," म्हणायचा. मग नदीकाठानं एक फेरी, मुद्दा नाही संपला तर दुसरी.

"सीमा म्हणजे भिंत," तो म्हणायचा.

"घराला भिंत असते, म्हणून काय घरातली माणसं पाहुण्यांचा राग करतात?"

"आणि पाहुणा नऊ वर्षं दाराबाहेर उभा असेल तर?"

"तर दार उघडायला शिका. खिडकीतून उड्या मारणाऱ्यांना टाळ्या नका वाजवू."

"हे चांगलं होतं," तो कबूल करायचा. "उद्या उत्तर देतो."

त्या 'उद्या'ची मी वाट बघायला लागले होते. तो एक दिवस आला नाही, सर्दी झाली म्हणून, तर मी नदीकाठी एकटीच दोन फेऱ्या मारून आले आणि बाबांवर उगाच चिडले.

अशात एक दिवस तो आला, पण मुद्दा न घेता. हातात नगरसभेचा कागद. भाषेच्या वर्गानं दर महिन्याला हजेरीची यादी द्यावी आणि प्रत्येकाच्या परवान्याची नोंद करावी, असा प्रस्ताव येणार होता. नाही दिली तर हॉल बंद, मास्तरची नोकरी बंद.

"मी देणार नाही," तो म्हणाला.

मी कागद उलटला. प्रस्तावाला आधार म्हणून एक पत्र जोडलेलं होतं. माझं.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला... वाईट वाटेल म्हणून."

"माझ्यावर दया करू नका!" मी म्हणाले, आणि त्या दिवशी एकही फेरी झाली नाही.

घरात येरझाऱ्या घालून मी बाबांचं डोकं उठवलं. पत्र मागे घ्यावं? पण मला ते खोटं वाटत नव्हतं. गप्प बसावं? मग ती यादी मागितली जाणार, आणि तिच्यावरून दारं ठोठावणार कोणाची? बाबा म्हणाले, "पत्र तू लिहिलंस ना? मग त्याचा अर्थ दुसऱ्यांना का सांगू देतेस? जा, तूच सांग."

बुधवारी दुपारी नगरसभेचं दालन खच्चून भरलं होतं. माझी बोलायची पाळी आली, मी उठून उभी राहिले. समोरच्या बाकावर मास्तर, त्याच्या बाजूला शिवणवाल्या बाई.

"पत्र माझं आहे," मी म्हणाले. "त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. बेकायदा येण्याला माझा विरोध आहे, उद्याही राहील. मालकांनी कामावर घेताना कागद बघावेत. सगळ्यांचे बघावेत, माझेसुद्धा. पण शिकायला आलेल्यांची यादी मागाल, तर त्यात तुम्ही कागद बघणार नाही. रुमाल बघाल, बोलणं बघाल. मला माहीत आहे, कारण मी तेच केलं. कागद असलेल्या बाईंचा मी अपमान केला आणि..." पियानोवाल्यांचं गुपित फुटेल म्हणून मी थांबले. "...आणि स्वतःला नियमाच्या बाजूची म्हणवत राहिले. माझं पत्र या प्रस्तावाला जोडू नका. ते याच्यासाठी लिहिलं नव्हतं."

मागून कुणी तरी ओरडलं, "आता बदलली!" दुसरं कुणी म्हणालं, "आधी द्वेष पसरवायचा, मग रडायचं!" दोन्हीकडून मार.

तेवढ्यात मास्तर उठला. "ते द्वेषाचं पत्र नाही. मीसुद्धा तसं म्हणालो होतो, त्यांच्या तोंडावर. माझं चुकलं. त्यांचं मत मला पटत नाही, पण इतक्या सरळ मनाचं माणूस मी दुसरं पाहिलं नाही." तो लाल झाला. "एवढंच... म्हणजे, अजून आहे, पण ते इथं बोलायचं नाही."

दालनात खसखस पिकली. प्रस्ताव दोन मतांनी पडला.

पुढच्याच आठवड्यात पियानोवाले स्वतःहून परवाना कार्यालयात गेले. म्हणाले, कायम पाठीमागे बघत चालायचा कंटाळा आला. त्यांना दोन महिन्यांत देश सोडायला सांगितलं. परत यायचं तर तिकडून नव्यानं अर्ज. नियमाप्रमाणेच झालं सगळं.

ते निघाले त्या सकाळी मी आणि मास्तर बसस्थानकावर गेलो. शिवणवाल्या बाईंनी त्यांच्यासाठी कोट शिवला होता. त्या कोटाच्या बाह्या ओढून नीट करत राहिल्या, पुन्हा पुन्हा. पियानोवाल्यांनी माझ्याशी हात मिळवला. "तुम्ही काही चुकीचं लिहिलं नव्हतंत," ते म्हणाले. ते असं म्हणाले नसते तर मला सोपं गेलं असतं.

बस वळली. मी बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले.

"नियम बरोबर आहे," मी म्हणाले. "मग मला बरं का वाटत नाही?"

मास्तरनं माझा हात हातात घेतला, आणि माझा पाय, जो केव्हापासून जमिनीवर टकटक करत होता, थांबला.

"तुझं मत अजून तेच?" त्यानं विचारलं. तुझं!

"तेच. तुझं?"

"तेच."

"मग कसं व्हायचं?"

"नगरसभेत जे बोललो नव्हतो..." तो अडखळला. "ते असं की... मला तुझ्याशी आयुष्यभर वाद घालायचाय. रोज संध्याकाळी. जमलं तर सकाळीही."

"आणि दुपारी?"

"दुपारी मी वर्गावर असतो. पण सुट्टी टाकेन."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. बाजूच्या बाकावरच्या आजीबाई खुशाल वळून बघत होत्या. मी हात सोडवून घेतला नाही.

"हो," मी म्हणाले.

"हो म्हणजे? वादाला हो, की..."

"किती प्रश्न रे! सगळ्यालाच हो."

दुकान उघडायची वेळ केव्हाच टळून गेली होती. एकदोन गिऱ्हाइकं कुलपाकडे बघून परत गेली असतील. त्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही.