खिशातले दोन ठिपके

"माझ्या भावाला मारलंय. कुणी मारलं तेही मला ठाऊक आहे," प्राध्यापक बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त पुरावा द्या."

सासूबाईंनी चष्मा पुसला. खासगी तपासाचा धंदा त्यांचा आणि गाडी चालवायचं काम जावयाचं. जावईबापू माणूस सोन्यासारखा, डोकं तेवढं सावकाश चालायचं.

"सगळं ठाऊक आहे, तर मी कशाला हवी?"

बाईंनी सांगितलं. धाकटा भाऊ रोपवाटिकेत फवारणी करायचा. पंप फुटला आणि कीटकनाशक अंगभर उडालं. तेच विष फोडणारं एक एन्झाइम बाईंच्या प्रयोगशाळेत होतं. मातीतला एक जीवाणू ते स्वतःच्या बचावासाठी बनवतो. माणसाला ते कधी दिलं नव्हतं, पण डॉक्टरांनी हात टेकले होते आणि भावजयीने होकार दिला. एन्झाइम टोचलं. काही उपयोग झाला नाही, आणि भाऊ गेला.

"आदल्या दिवशी ते उत्तम चालत होतं. माझ्या विद्यार्थ्याने त्यात काहीतरी मिसळलं. कधीपासून माझ्याशी उभा दावा मांडलाय त्याने. आज संध्याकाळी मी पोलिसांत तक्रार देणार. त्याला तुरुंगात पाहिल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही."

विद्यार्थी प्रयोगशाळेतच होता. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"भांडण कशावरून?" सासूबाईंनी विचारलं.

"वर्गीकरणावरून."

जावईबापूंना हसू आलं. "त्यावरून कोण भांडतं?"

"आम्ही. विष फोडणाऱ्या एन्झाइमची घराणी असतात. एका घराण्यातली आपल्याच अंगच्या घटकाने विष तोडतात. दुसऱ्या घराण्यातली खिशासारख्या खोबणीत जस्ताचे अणू धरतात. जस्त काढून घेतलं की ती निकामी. ही सगळी वंशावळ मॅडमनी मांडली, जगभर ती वापरतात. बाहेरची ठेवण पाहून त्यांनी आमचं एन्झाइम पहिल्या घराण्यात बसवलं. मी त्याचे स्फटिक करून क्ष-किरणांनी आतली रचना पाहिली, तर खिशात दोन ठळक ठिपके, जस्ताचे."

"त्या काय म्हणाल्या?"

"मिठाचा कचरा आहे, म्हणाल्या. आधी डोळे तपासून घे."

"शिल्लक एन्झाइम आहे?"

"फ्रीजमध्ये आहे, प्लॅस्टिकच्या नळीत. विष फुटलं की द्राव पिवळा होतो. हे बघा."

त्याने त्यात थोडं विष टाकलं. बघता बघता नळी पिवळीधमक झाली.

"दवाखान्यात न्यायचं कुणी भरलं?"

"मॅडमनीच. रात्रभर या फ्रीजमध्ये होतं." तो जरा अडखळला. "फ्रीजची किल्ली माझ्याकडेही असते."

"झालं!" जिना उतरताना जावईबापू म्हणाले. "आई, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की!"

"लबाड माणूस किल्लीचं सांगेल का, जावईबापू?"

दवाखान्यात सिस्टर कामात होती. "नळ्या आमच्याच होत्या, रक्त घ्यायच्या. निर्जंतुक असतात म्हणून बाईंनी मागितल्या. मी साध्या देत होते, पण त्यांना जांभळ्या झाकणाच्याच हव्या होत्या."

"त्यात वेगळं काय असतं?"

"रक्त गोठू नये म्हणून एक रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं."

"नळी आली तेव्हा उघडलेली होती?"

"छे! झाकणावर बाईंच्या सहीची चिकटपट्टी होती. मीच फाडली. तळाशी थोडं उरलंय, नेता का?"

सासूबाईंनी नळी रुमालात गुंडाळली. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी सावकाश घ्यायला सांगितलं. जावईबापूंनी ओळखलं, काहीतरी वाईट सापडलं आहे.

प्रयोगशाळेत बाई वाट बघत होत्या. विद्यार्थी भिंतीला टेकून उभा होता.

"पट्टी शाबूत होती," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे नळी बंद झाल्यावर कुणी काही मिसळलेलं नाही. आणि बाकीचं एन्झाइम आजही चालतंय, म्हणजे भरलं तेव्हा चांगलंच होतं. मग दोष नळीतच हवा. बाई, जांभळ्याच का मागितल्या?"

"त्यातलं रसायन धातू धरून ठेवतं. प्रथिनं कुरतडणारी काही एन्झाइम धातूवरच जगतात, ती थंडावतात. माझं एन्झाइमही प्रथिनच, ते रात्रभर टिकावं म्हणून. पहिल्या घराण्याला त्याने काडीचाही..."

बाईंची नजर नळीच्या जांभळ्या झाकणावर गेली.

"कॅल्शियम धरणारं रसायन जस्तही धरत असेल ना?" सासूबाईंनी हळूच विचारलं. "बाळ, या उरलेल्यात थोडं विष घाल. मग जस्ताचं मीठ घाल, सढळ हाताने."

विद्यार्थ्याने विष घातलं. द्राव पाण्यासारखाच राहिला. मग त्याने जस्त घातलं. द्राव पिवळा होऊ लागला.

"म्हणजे याचं ऐकलं असतं तर..." जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं. सासूबाईंनी त्यांचा हात दाबला.

"भाऊ वाचला असता?" बाईंनी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही." सासूबाईंना त्यांच्याकडे बघवेना. या तपासात हात घातला नसता तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"मॅडम, हे बाहेर कळायची काही गरज नाही," विद्यार्थी म्हणाला. बाईंनी नकारार्थी मान हलवली. तो आपल्याला क्षमा करतोय, हे त्यांना सर्वांत असह्य झालं.

दार ढकलून भावजय आत आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"वन्सं, सापडला का हो तो? मला फक्त नाव सांगा त्याचं."

बाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस," त्या म्हणाल्या. "सांगते."